दादा कोंडके, सेन्सॉरची कात्री आणि तंबूतला हशा

दादा कोंडक्यांच्या पिक्चरांची यादी मोबाईलवर बघितली की आमच्या मराठवाड्यातली कॉलेजची पोरं हमखास विचारतात, "तेव्हा सेन्सॉर बोर्ड नव्हतं का?" होतं की. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' १९७८ साली त्याच बोर्डाचं प्रमाणपत्र घेऊन पडद्यावर आला, 'आली अंगावर' १९८२ साली. हिंदी सिनेमात नायक-नायिका जवळ आले की कॅमेरा फुलांकडं वळायचा तो हा काळ. मग हे द्व्यर्थी बोलणं पास कसं झालं? कोडं दिसतं तेवढं अवघड नाही. पण ते सुटायला कायद्याचं कलम जेवढं लागतं, तेवढीच जत्रेतली तमाशाची राहुटीही लागते, आणि दादांवर लिहिणारे बहुतेक लोक राहुटीकडं फिरकत नाहीत.

आधी माणूस कोण ते बघू. कृष्णा खंडेराव कोंडके, जन्म ८ ऑगस्ट १९३२, मुंबईच्या नायगावात. घराणं मूळचं भोरजवळच्या इंगवलीचं, म्हणजे मराठवाड्याशी नात्यागोत्याचा काही संबंध नाही. गिरणगावात वाढलेलं पोर. 'अपना बाजार'मध्ये किरकोळ पगाराची नोकरी, बँडपथकात वाजवणं, आणि मग राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. निळू फुले आणि राम नगरकरही याच वाटेनं आले. समाजवाद्यांच्या या पथकांनी तमाशाचा बाज उचलून त्यात प्रचार भरला होता, आणि दादांचं खरं शिक्षण तिथंच झालं. समोरच्या गर्दीचा रागरंग बघून वाक्य तिथल्या तिथं फिरवायचं, हे कुठल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत नाहीत.

पुढं वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य आलं आणि त्याचे दीड हजारावर प्रयोग झाले. संहिता सबनिसांची, पण दादा रोज त्यात ताज्या बातम्या घालायचे. कालच्या पेपरातला मंत्री आज रात्री वगात. आशा भोसल्यांनी प्रयोग बघून भालजी पेंढारकरांना नाव सुचवलं आणि १९६९ च्या 'तांबडी माती'त दादा पहिल्यांदा पडद्यावर दिसले. १९७१ साली स्वतः निर्माते होऊन 'सोंगाड्या' काढला. त्याचं दिग्दर्शन मात्र त्यांचं नाही, ते गोविंद कुलकर्णींचं. दिग्दर्शक म्हणून दादांचं नाव लागलं ते १९७५ च्या 'पांडू हवालदार'पासून. त्यानंतर निर्माता, दिग्दर्शक, नट, बऱ्याच गाण्यांचा कवी, सगळं एकाच माणसाच्या हातात. १४ मार्च १९९८ ला मुंबईत ते गेले.

त्यांच्या नावावरचा नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांचा विक्रम सगळे सांगतात. रौप्यमहोत्सव म्हणजे एका थेटरात सलग २५ आठवडे. हा हिशेब शहराचा आहे. गावोगाव फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत कुठला पिक्चर २५ आठवडे चालणार? दोन-चार रात्री, फार तर आठवडा, की रिळांच्या पेट्या पुढच्या गावाला. त्यामुळं आमच्या भागातला प्रेक्षक या विक्रमात जवळजवळ नाहीच. मुंबई-पुण्यात घासून घासून झालेली प्रिंट आमच्याकडं उशिरा पोचायची, पडद्यावर पावसासारख्या रेघा घेऊन, आणि तीही पोरं तोंडपाठ करायची.

मराठवाड्यात मराठी सिनेमाची सवयही तशी नवी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, त्यानंतर हैदराबाद राज्यात, आणि मुंबई राज्यात आलो १९५६ ला. सिनेमा म्हटलं की कानाला सवय हिंदी-उर्दूची. मराठी पिक्चर बनायचा कोल्हापूर-पुण्याकडं, बोलायचा तिकडचंच, आणि त्याची पहिली गिऱ्हाइकंही तिकडचीच. अशा ठिकाणी ढगळ अर्ध्या चड्डीतला, नाडी लोंबणारा, आईला 'आये' म्हणणारा एक बावळट गडी पडद्यावर आला. बोली त्याची भोरकडची. तरी परभणी-हिंगोलीच्या माणसाला तो आपला वाटला, कारण सोंगाड्या, म्हणजे तमाशातला हसवणारा नट, हा प्रकार त्याला सिनेमाच्या आधीपासून ठाऊक होता.

म्हणून राहुटीत जाऊन यावं लागतं. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची जत्रा घ्या. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार आणि त्याच्या पलीकडं तमाशाचे फड. फडात आधी गण म्हणजे गणपतीचं नमन, मग गौळण, मग बतावणी म्हणजे विनोदी बोलाचाली आणि शेवटी वग म्हणजे कथानाट्य. गौळणीत कृष्ण मथुरेच्या वाटेवर गवळणींना अडवतो, मावशी पुढं होऊन भांडते, पेंद्या मधेच तोंड घालतो. बोलणं सगळं दुधाचं, लोण्याचं, मडक्याचं आणि वाटेवरच्या दाणाचं, म्हणजे जकातीचं. ऐकणाऱ्याला पक्कं माहीत असतं की बोलणं फक्त लोण्याचं नाही. ही माहिती दोन्ही बाजूंना असते, तोच करार. देवाचं नाव घेऊन सुरू झालेल्या खेळात हा चावटपणा चालायचा, आणि सकाळी तोच माणूस खंडोबापुढं भंडारा उधळायचा. कुणाला त्यात विसंगत वाटायचं नाही.

फक्त एक अट होती. फडासमोर बसायचे ते बाप्ये. घरच्या बाया तमाशाला जात नसत.

टुरिंग टॉकीज आलं आणि ही अट मोडली. चारी बाजूंनी कनात, एका टोकाला पांढरा पडदा, बाहेर डिझेलचं जनरेटर भकभकतंय, आणि आत जमिनीवर मधोमध एक दोरी ताणलेली. दोरीच्या अलीकडं बाया आणि कडेवरची लेकरं, पलीकडं बाप्ये. दुपारी जीपवरचा भोंगा गावभर आरोळी देऊन जायचा. प्रोजेक्टर एकच, त्यामुळं रीळ संपलं की दुसरं चढेपर्यंत खेळ थांबणार, तेवढ्यात शिट्ट्या, खाकरणं, कुणाचं तरी पोर रडणं. आणि 'सोंगाड्या'सारखा पिक्चर असला की फडातली बतावणी आता दोरीच्या दोन्ही बाजूंनी ऐकू जायची. पलीकडून हशा यायचा, अलीकडं आधी पदर तोंडाला लागायचे, आणि मग अलीकडूनही हशा यायचा. माझ्या मते दादांवरचा खरा वाद इथं आहे. वाक्यं तीच होती जी शतकभर बोलली जात होती. ऐकणारे बदलले, आणि ते एकत्र बसून हसले, ही गोष्ट अनेकांना झेपली नाही.

आता कायदा.

आपल्याकडं चित्रपट दाखवायचा तर आधी प्रमाणपत्र लागतं. कायदा १९५२ चा, सिनेमॅटोग्राफ ॲक्ट. पुस्तक छापायला अशी आधी परवानगी लागत नाही, मग सिनेमालाच का, असं विचारत चित्रपटकार के. ए. अब्बास त्यांच्या एका माहितीपटासाठी सुप्रीम कोर्टात गेले होते. १९७० साली कोर्टानं निकाल दिला की सिनेमाचा परिणाम छापील शब्दापेक्षा जास्त खोल असतो, म्हणून आधी तपासणी घटनेत बसते. त्याच निकालात हेही म्हटलं होतं की कामभावना आणि अश्लीलता या नेहमी एकच नसतात. 'सोंगाड्या' आला तो पुढच्याच वर्षी.

तपासणी चालते ती अशी. निर्माता पूर्ण झालेला चित्रपट आणि त्याची लिखित संहिता देतो. परीक्षण समिती तो बघते आणि काय कापायचं ते ठरवते. निर्मात्याला पटलं नाही तर फेरतपासणी समिती असते. तिच्यापुढं अपिलासाठी १९८३ पासून एक न्यायाधिकरण होतं, ते २०२१ साली बंद झालं. आता थेट हायकोर्ट. १९८३ च्या आधी प्रमाणपत्रं मुख्यतः दोनच होती, 'यू' म्हणजे सर्वांसाठी आणि 'ए' म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. मधलं 'यूए' त्या वर्षी आलं. बोर्डाच्या नावातला 'सेन्सॉर' शब्दही तेव्हाच गेला आणि 'प्रमाणन' आलं. लोकांच्या तोंडी मात्र सेन्सॉरच राहिलं.

आता समितीच्या खुर्चीत बसा आणि 'आली अंगावर' हे नाव कापून दाखवा. यातला कुठला शब्द घाण आहे? 'आली' की 'अंगावर'? 'आला अंगावर तर घेतला शिंगावर' असं आपण भांडणात रोज म्हणतो. नाव म्हणजे त्या म्हणीचाच अर्धा तुकडा. अर्थ वाक्यात नाहीच, तो वाक्याला कर्ता नसल्यानं तयार झालेल्या रिकाम्या जागेत आहे, आणि ती जागा भरतो प्रेक्षक. 'ढगाला लागली कळ' हे गाणं घ्या. कागदावर ते निव्वळ पावसाचं आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्याला तर ढगाकडून याहून दुसरं काही नकोच असतं. समितीनं काय लिहावं, ढग कापा?

याच्यावर दादांचा बावळट चेहरा. हे त्यांचं सगळ्यात मोठं कौशल्य, आणि लोक ते कसब म्हणून मोजतच नाहीत. त्यांचा नायक चावट कधीच नसतो, तो भोळा असतो. तो म्हशीबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या मनात म्हैसच असते. डोळा मारला, जीभ चावली, कॅमेऱ्याकडं बघून हसला, तर वाक्य उघडं पडेल आणि समितीला कापायला जागा मिळेल. तो काहीच करत नाही. पाप सगळं ऐकणाऱ्याच्या डोक्यात. सेन्सॉरच्या अधिकाऱ्यानं हरकत घेतली की दादा म्हणायचे, हा अर्थ तुमच्या मनात आला, माझ्या नाही, असे किस्से अनेकांनी सांगितले आहेत. किस्से तिखटमीठ लावून सांगितलेले असणार, पण युक्ती तीच.

नियमातली भाषाही या युक्तीला सोयीची आहे. ६ डिसेंबर १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये द्व्यर्थी शब्दांवर वेगळं कलमच आहे. हीन वासनांना उघडउघड खतपाणी घालणारे द्व्यर्थी शब्द चालणार नाहीत, असा त्याचा मतलब. सगळी मेख 'उघडउघड'मध्ये आहे. चांगला द्व्यर्थ उघड कसा असेल? उघड झाला की तो द्व्यर्थ राहत नाही, सरळ शिवीच होते. म्हणजे कलम पकडतं ते वाईट द्व्यर्थाला. कसलेला कारागीर त्याच्या बाजूनं निघून जातो. आणि हे कलम आलं तोवर दादांना पडद्यावर येऊन वीस वर्षं झाली होती.

त्याच सूचनांमध्ये आणखी एक वाक्य आहे, त्याच्याकडं फारसं कुणी लक्ष देत नाही. चित्रपट पूर्ण बघून त्याच्या एकूण परिणामावरून ठरवायचं, आणि ज्या लोकांविषयी तो आहे त्यांचे आजचे मापदंड लावायचे. हे वाक्य दादांच्या सिनेमाला लावून बघा. तो आहे गावाविषयी, तमाशा बघणाऱ्या माणसांविषयी. मग मापदंड माळेगावच्या जत्रेचा लावायचा की मुंबईतल्या मिनी थिएटरात बसलेल्या चार सभ्य माणसांचा? अश्लीलतेच्या बहुतेक वादांत हा प्रश्न येतो आणि बहुतेक वेळा तो न विचारताच निकाल लागतो.

'ए' प्रमाणपत्राची गंमत वेगळीच. ते पाळायचं कुणी, तर दारावरच्या माणसानं. तंबूला दार एक आणि कनात चारी बाजूंनी. कनात वर उचलून आत घुसणाऱ्या पोरांचा जन्मदाखला कोण बघत होतं! दुसरी भानगड कापलेल्या तुकड्यांची. समितीनं सांगितलेले कट प्रत्येक प्रिंटमधून काढावे लागतात आणि तो तुकडा परत जोडून दाखवणं गुन्हा आहे. पण रीळ हातात असलेला ऑपरेटर मुंबईपासून पाचशे किलोमीटरवर, एका रात्रीपुरता. कायदा कागदावर शेवटच्या गावापर्यंत पोचायचा, तपासनीस क्वचितच पोचायचा.

सेन्सॉर म्हणजे फक्त चावटपणावर नजर, असं समजायचं कारण नाही. 'राम राम गंगाराम' १९७७ चा. त्याचं आधीचं नाव 'गंगाराम वीस कलमी' होतं, असं सांगतात. वीस कलमी कार्यक्रम इंदिरा गांधींचा, काळ आणीबाणीचा, तेव्हा नाव का बदललं ते वेगळं सांगायला नको. बावळट गड्याच्या तोंडून बाईबद्दलचं वाक्य जाऊ शकत होतं, सरकारी कार्यक्रमाची टिंगल जाणं अवघड होतं. 'विच्छा' मुळात राजकीय टवाळीवर उभं होतं हे आठवलं की वाटतं, सिनेमात आल्यावर दादांची जीभ एका बाजूनं सुटली आणि दुसऱ्या बाजूनं बांधली गेली. नाटकात उद्याचं वाक्य उद्या बदलता येतं. सिनेमात एकदा पास झालेलं वाक्यच गावोगाव फिरणार.

राजकारण दादांच्या आयुष्यात दुसऱ्या दारानंही आलं. दादरच्या कोहिनूर थेटरात 'सोंगाड्या' लावायचा ठरला आणि मालकानं देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'साठी तो बाजूला सारला. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडं गेले, शिवसैनिक थेटरासमोर उभे राहिले आणि 'सोंगाड्या' लागला. सेवा दलात घडलेला माणूस तिथून शिवसेनेच्या जवळ गेला आणि पुढं निवडणुकीत ग्रामीण महाराष्ट्रात सेनेच्या प्रचारसभा करू लागला. मुंबई-ठाण्याची शिवसेना मराठवाड्यात रुजली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर. १९८८ च्या औरंगाबाद महापालिका निवडणुकीनं ते सगळ्यांना दिसलं. त्यामागची कारणं पुष्कळ आणि गंभीर आहेत, ती एका नटाच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. पण गावातल्या सभेला गर्दी कशानं जमते हे ज्याला तंबूतून कळलेलं असतं, तो कुठल्याही पक्षाला हवाच असतो.

इथवर वाचून हा लेख दादांची वकिली करतोय असं वाटेल. तसं पूर्ण नाही. 'सोंगाड्या'त हसू नायकावर, नाम्यावर आहे. त्याच्या अडाणीपणावर, आयेच्या धाकावर, तमाशाच्या पायी घरातून हाकललं जाण्यावर. त्यात वसंत सबनिसांची घट्ट कथा आहे, राम कदमांचं संगीत आहे, निळू फुले आहेत, आणि उषा चव्हाणांच्या नाचणारणीला स्वतःचं मन आहे. 'पांडू हवालदार'मध्ये समोर अशोक सराफ असल्यानं जुगलबंदी रंगते. पुढं पुढं मात्र कथा बारीक होत गेली आणि हसू नायकावरून नायिकेच्या अंगावर सरकलं. बावळट गडी तोच राहिला, पण त्याच्या भोवतीची बाई माणूस न राहता विनोदाचं निमित्त झाली. तमाशातली मावशी आणि गवळण उलट उत्तर देतात, कृष्णाला गप्प करतात. दादांच्या उत्तरार्धातल्या नायिकांना तेवढं बोलू दिलेलं नाही. माझा आक्षेप द्व्यर्थाला नाही, इथं आहे. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी हा मुद्दा नीट मांडला असता तर बरं झालं असतं. त्यातल्या बऱ्याच जणांनी 'गावंढळ' एवढं म्हणून हात झटकले.

हिंदीत गेल्यावर तर युक्तीचा पायाच निसटला. 'तेरे मेरे बीच में' १९८४ चा, 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' १९८६ चा. नावातली करामत तीच, पण तिच्यामागं ना गौळण होती, ना पेंद्या. मराठी माणूस त्या वाक्यामागचा फड ऐकत होता, हिंदी प्रेक्षकाला फक्त वाक्य ऐकू आलं. मराठवाड्यात हिंदी सगळ्यांनाच येतं, तरी आमच्याकडं आजही लोक आठवणी काढतात त्या मराठी पिक्चरांच्याच.

तोवर तंबूही उठायला लागले होते. एसटी स्टँडाजवळ व्हिडिओ पार्लर निघाली, मग केबल आलं. विनोद शहरात गेला, महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पिक्चरांत मोटारी आणि कॉलेजं आली. दादा १९९२ ला 'येऊ का घरात', १९९४ ला 'सासरचं धोतर' काढतच राहिले, पण दोरीच्या दोन्ही बाजूंना बसणारी ती गर्दी आता आपापल्या घरात टीव्हीसमोर होती.

आज नियम पुन्हा बदलले आहेत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चे वयाप्रमाणं सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे झाले. मोबाईलवरच्या मालिकांना तर प्रदर्शनाआधी बोर्डापुढं जावंच लागत नाही. कंपन्या स्वतःच वय ठरवून पाटी लावतात. तिथं सरळ शिव्या चालतात, त्यामुळं द्व्यर्थाची गरजच कुणाला उरली नाही. आडवळणानं बोलायची कला बंधनामुळं तयार झाली होती. बंधन गेल्यावर ती वापरणारेही गेले.

ज्यांनी दादांचं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी 'सोंगाड्या'पासून सुरुवात करावी, मग 'एकटा जीव सदाशिव' आणि 'पांडू हवालदार'. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' त्यानंतर, गाण्यांसाठी. ऐंशीच्या मध्यानंतरचे सोडले तरी फार बिघडत नाही. आणि शक्य असेल तर कानात हेडफोन घालून एकट्यानं बघू नका. चार-पाच जण, त्यात एखादी आत्या किंवा आजी असली तर उत्तम. कोण कुठल्या वाक्याला हसतंय आणि कोण न कळल्यासारखं करतंय, यातच निम्मा पिक्चर आहे.